जोरुरीच्या पोथ्यांवरच्या टिपा

माझं काम कागदांचं. बहारीनमध्ये मुहर्रकला, विमानतळाच्या कुंपणाला जवळजवळ लागून एका प्रकल्पाचं ऑफिस आहे, तिथे मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. इंजिनियर लोक नकाशे काढतात, बदलतात, पुन्हा बदलतात, आणि त्यातला आत्ताचा खरा कोणता हे सांभाळणं माझ्याकडे. नकाशात बदल झाला की त्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढतात आणि कडेला बारीक अक्षरात लिहितात: काय बदललं, कोणी, कशासाठी. नागपूरहून आलो तेव्हा दोन वर्षांचा बेत होता. त्याला आता बारा वर्षं झाली, आणि एवढ्या काळात मला एक खोड लागली. कुठलाही कागद हातात आला की मी आधी त्याची कड वाचतो.

तीन वर्षांपूर्वी पंपांच्या कामासाठी आमच्याकडे एक जपानी इंजिनियर आले. निवृत्त झाल्यावर कंपनीने पुन्हा बोलावून घेतलेले, पासष्टीचे, सडसडीत. अमवाज बेटांवर एकटेच राहायचे. बाकीचे लोक मला फाइल मेल करून मोकळे होत. हे मात्र स्वतः टेबलापाशी येत आणि मी नोंद करेपर्यंत उभे राहत. मी त्यांना सर म्हणायचो. बोलणं इंग्रजीतून, दोघांचंही आपापल्या परीने मोडकं.

एका दुपारी ते जेवणाच्या सुट्टीत आले. हातात जांभळ्या कापडात बांधलेलं गाठोडं होतं.

"हे ऑफिसचं काम नाही," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

गाठोड्यात तीन पातळ पुस्तकं होती. मऊ निळसर कव्हर, कडेला दोऱ्याची शिवण. त्यांची आई ओसाकाला राहते, एक्याण्णव वर्षांची. घर आवरताना ही पुस्तकं सापडली आणि बहिणीने ती सरांकडे पाठवली. आईला आता जवळजवळ दिसत नाही, पण पुस्तकं सापडल्याचं कळल्यापासून ती फोनवर म्हणते, वाचून दाखव. अक्षरं इतकी बारीक की सरांनाही भिंग लागतं. स्कॅन करून मोठी केली तर वाचता येतील, बहिणीलाही पाठवता येतील. मनामातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात ते गेले होते. दुकानदार पानं सुटी करून मशिनमध्ये घालायला निघाला तेव्हा सरांनी पुस्तकं उचलली आणि माघारी आले.

"आणि मग मला तुमचा सपाट काचेचा स्कॅनर आठवला," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. सुट्टीतला अर्धा तास रोज द्यायचा असं ठरलं.

पहिलं पुस्तक उघडलं तर पानाच्या वरच्या एक तृतीयांशावर एक आडवी रेघ. रेघेखाली मोठ्या अक्षरांच्या उभ्या ओळी, रेघेवर मुंग्यांसारखी अक्षरं.

"खाली काय आहे?" मी विचारलं.

"जोरुरी. बाहुल्यांच्या नाटकाची संहिता."

"आणि वर?"

"टिपा."

मला हसू आलं. आमच्या शाळेत राजस्थानी कठपुतळीवाले यायचे. लाकडी राजा, लाकडी राणी, तोंडातल्या शिट्टीचा आवाज, आणि दहा मिनिटांत खेळ संपायचा. त्याला टिपा कोण लिहील? मी तसं बोलूनही दाखवलं.

सर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली. त्यांच्याकडची बाहुली चार-पाच वर्षांच्या मुलाएवढी असते, ते म्हणाले. तिला तीन माणसं चालवतात, एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. रंगमंचाच्या बाजूला एक गायक बसतो, त्याच्या शेजारी तीन तारांचं वाद्य वाजवणारा. सगळ्या पात्रांचे आवाज तो एकटाच काढतो: म्हातारा, लहान मूल, रडणारी बाई, शिवाय वारा आणि घंटा. समोर ठेवलेली पोथी तो सुरू करण्याआधी कपाळापर्यंत उचलून नमस्कार करतो.

"तुम्ही विचारलंत तेच त्या काळी पुष्कळांनी विचारलं असणार," सर म्हणाले. "टिपा लिहायच्या त्या धर्मग्रंथांवर, जुन्या काव्यांवर. बाहुल्यांचं नाटक म्हणजे बायकामुलांची करमणूक. पण कोणालातरी वाटलं की हेही समजून घ्यायला हवं. फार जुनी गोष्ट आहे ही, दोन-तीनशे वर्षांपूर्वी सुरू झालेली. हे पुस्तक मात्र बरंच नंतरचं, शंभरेक वर्षांपूर्वी छापलेलं. टीपकार प्रस्तावनेत जवळजवळ माफी मागतो. म्हणतो, लोक मला हसतील, पण यातला एकेक शब्द कुठून आला हे शोधताना माझे केस पांढरे झाले."

मला तो टीपकार त्या क्षणी आवडून गेला.

त्या दिवसापासून रोज साडेबाराला सर यायचे. स्कॅनर फिरेपर्यंत ते वरच्या टिपा भिंगातून वाचायचे आणि मी विचारलं की अर्थ सांगायचे. मध्येच विमान उतरायचं, काचा थरथरायच्या, आम्ही दोघं बोलायचं थांबायचो आणि विमान गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे जायचो. टीपकाराला सगळ्याचीच चौकशी. नाटकातली बाई निघताना कुठल्या रंगाचा पट्टा बांधते, तो रंग कशापासून करत, अमुक घंटा कुठल्या देवळाची, ती दिवसातून किती वेळा वाजते. एके ठिकाणी त्याने सरळ लिहिलं होतं: "हा मासा कोणता ते मला कळलेलं नाही."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सरांनी एक शब्द वाचला. "नाराकु. टीपकार म्हणतो, हा भारतातून आलेला शब्द. जमिनीखालचा तुरुंग. आजही नाट्यगृहात रंगमंचाच्या खालच्या खड्ड्याला आम्ही नाराकु म्हणतो."

"परत म्हणा, सर."

"ना-रा-कु."

"नरक!" मी एवढ्या मोठ्याने म्हणालो की पलीकडच्या टेबलावरच्या बहारीनी बाईंनी मान वर केली. "हा आम्ही रोज वापरतो. माझी बायको आमच्या मुलीच्या खोलीला नरकच म्हणते."

सर खूप हसले. मग वही काढून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, तुमच्या अक्षरात लिहून द्या. मी देवनागरीत 'नरक' लिहिलं. त्यांनी त्याखाली तारीख टाकली.

मग मला चेवच चढला. संसारी, घरगुती विषयांच्या नाटकांना 'सेवामोनो' म्हणतात असं कळल्यावर मी लगेच सेवा, सेवा म्हणून नाचलो. सर सावध माणूस. दोन दिवसांनी शोधून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "माफ करा. हा बहुतेक आमचाच शब्द आहे. तुमचा असल्याचा पुरावा मिळत नाही." मी हिरमुसलो. पण 'सेत्सुना' मात्र आमचा निघाला. अगदी बारीकसा काळ, चुटकी वाजवायला लागतो त्याहून कमी. मला तो ओळखता आला नव्हता. शुक्रवारी जिदहफ्सला आमच्या फ्लॅटमध्ये बुद्धवंदना असते, दहा-बारा कुटुंबं येतात. वंदनेनंतर चहा घेताना मी सगळ्यांना विचारलं. एका बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "अरे, क्षण असेल. चीनमधून जाता जाता झिजला असेल." तसंच होतं.

वंदनेचं सांगितलं तेव्हा सरांनी मला विचारलं, "तुम्ही बौद्ध?"

"हो. माझ्या आजोबांनी नागपूरला धम्म स्वीकारला."

"आमच्याकडे सगळे जन्माने बौद्ध," ते म्हणाले. "ठरवून झालेल्या घरातला माणूस मला पहिल्यांदाच भेटतोय."

तिसऱ्या पुस्तकाशी अडचण आली. कागद पातळ, त्यामुळे मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसायला लागली. ही जुनी पुस्तकं कशी बांधतात ते तेव्हा मला नीट कळलं. कागदाच्या एकाच बाजूला छापायचं, तो मधोमध घडी घालायचा, घडी बाहेरच्या कडेला ठेवायची आणि मोकळी टोकं शिवणीत घ्यायची. म्हणजे प्रत्येक पान आतून पोकळ, पाकिटासारखं. त्या पोकळीत काळ्या कागदाची पट्टी सरकवली की मागचं दिसत नाही. मी पट्ट्या कापल्या आणि खालच्या बाजूने एकेका पानात सरकवत गेलो. पाच-सहा झाल्या. एक जरा अडली, मी ती बाहेर काढून पुन्हा घातली. मग पुस्तक उचलून काचेवर ठेवायला गेलो तर आतून एक कागदाचा तुकडा घसरला आणि काचेवर पडला.

बोटभर रुंद, पिवळट, त्यावर ब्रशने लिहिलेली एक उभी ओळ.

सर समोरच होते. त्यांनी तो उचलला नाही, तसाच वाकून वाचला.

"इथे श्वास घ्यायचा नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"एवढंच लिहिलंय. इथे श्वास घ्यायचा नाही."

"कुठे, इथे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पुस्तकाकडे. चिठ्ठी कुठल्या पानातून पडली ते मी पाहिलं नव्हतं. नऊ वर्षं प्रत्येक कागदाची जागा लिहून ठेवणारा माणूस मी, आणि ज्या कागदाला जागेवाचून अर्थच नव्हता त्याची जागा मी हरवली होती. मी सॉरी म्हटलं, तीनदा म्हटलं.

"आणखी असतील," सर एवढंच म्हणाले.

पुस्तक उजेडासमोर धरलं तर खरंच काही पानांच्या पोटात गडद आयतं दिसत होती. ओढून काढावीत तर फाटण्याची भीती. या पुस्तकाचा दोरा तसाही कुजलेला होता, दोन ठिकाणी तुटलेला. सरांनी दोन दिवस विचार केला, बहिणीला फोन केला आणि मग स्वतःच्या हाताने शिवण कापली. पानं सुटी झाली. मी नवं रजिस्टर उघडलं: चिठ्ठी क्रमांक, पान, उजवी की डावी बाजू, वरून किती अंतरावर. आणखी दहा चिठ्ठ्या निघाल्या. पहिली धरून अकरा. तिला मी शेवटचा, अकरावा क्रमांक दिला आणि जागेच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं.

त्या चिठ्ठ्या वाचताना सरांचा चेहरा बदलत गेला. पुस्तकं आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. आजोबांना जोरुरी गायचा नाद. पुढच्या खोलीत बसून गायचे, पाहुण्यांना टिपा वाचून दाखवायचे. पण हे अक्षर आजोबांचं नव्हतं. बारीक, वळणदार, बायका लिहायच्या त्या सोप्या लिपीतलं.

एका टिपेत टीपकाराने एका पुलाचं वर्णन केलं होतं. त्या पानाच्या पोटातल्या चिठ्ठीवर होतं: "हा पूल मी रोज ओलांडत असे. यांनी पाहिलेला दिसत नाही." दुसरीकडे नाटकातल्या बाईच्या केसांतला कंगवा खाली पडतो. टीपकाराने तो अशुभ का यावर पाच ओळी लिहिल्या होत्या. चिठ्ठी म्हणत होती: "उचलण्याआधी त्यावर पाय ठेवायचा असतो. हे त्यांना कोणी सांगितलं नाही." एकीवर फक्त, "हे बरोबर आहे." एकीवर नुसती कामांची यादी: मुळा, सुया, भावाला पत्र.

मला सगळ्यात आवडली ती 'मात्सु'ची. प्रवासाच्या प्रसंगात दोघं जण पाईनच्या झाडांखालून चालत जातात. झाडाला मात्सु म्हणतात आणि थांबून कोणाची तरी प्रतीक्षा करण्यालाही मात्सु. टीपकाराने हे व्यवस्थित समजावलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "हे सांगावं लागत नाही. 'त्सु' जरा लांबवला की ऐकणाऱ्याला आपोआप कळतं."

मी सरांना सांगितलं, आमच्याकडेही असं आहे. वाट म्हणजे रस्ता, आणि थांबणाऱ्या माणसाबद्दलही आम्ही म्हणतो की तो वाट पाहतोय. चालणाराही वाटेवर, थांबणाराही वाटेवरच डोळे लावून. सरांनी वही काढली.

"तुमच्या आजी गायच्या का?" मी विचारलं.

"आजी?" ते म्हणाले. "आजी बोलायचीच नाही. आजी चहा द्यायची."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला अमवाजला बोलावलं. आईला विचारायचं होतं, आणि मीही तिथे असावं असं त्यांना वाटत होतं. सकाळी निघताना बायकोने विचारलं, "सुट्टीच्या दिवशी काय करून राहिले तुम्ही त्या जपान्याच्या घरी?" मी म्हटलं, एका चिठ्ठीचा पत्ता शोधायचा आहे. ती म्हणाली, "काहून, पोस्टात लागले काय?" पण डब्यात गरम सांबारवडी घालून दिली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला सरांना त्या दिवशी दोनदा समजावून सांगावं लागलं.

सरांच्या फ्लॅटच्या खिडकीतून कालव्याचं हिरवं पाणी दिसत होतं. टेबलावर तिसऱ्या पुस्तकाची पानं क्रमाने मांडलेली, शेजारी त्यांच्या झेरॉक्स प्रती. आमचे नऊ वाजले होते, ओसाकाला दुपारचे तीन. सरांनी फोन स्पीकरवर ठेवला. आईचा आवाज पातळ पण स्वच्छ होता. सर एकेक चिठ्ठी वाचत गेले, पुलाची, कंगव्याची, मुळ्याची. मग आई काहीतरी बोलली आणि सर खुर्चीत मागे टेकले. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं.

आजी लग्नाआधी चार वर्षं जोरुरी शिकली होती. गुरू होता, गल्लीतल्या सभागृहात तिचे कार्यक्रमही झाले होते. लग्न झालं तेव्हा सासरच्यांनी सांगितलं, आता ते पुरे. आजोबांना नाद होता, पण आवाज जाड आणि ताल कच्चा. ते पुढच्या खोलीत चुकायचे आणि आजी स्वयंपाकघरात ऐकत राहायची. टिपांची पुस्तकं त्यांनी मोठ्या हौसेने आणली होती. ते बाहेर गेले की ती पुस्तकं आजीची. दोरा सुटला की शिवायचीही तीच.

"आई म्हणते, तांदूळ धुताना आजी हळू आवाजात गायची," सर म्हणाले. "पाण्याच्या आवाजाखाली. आईने तिथेच बसून सगळं ऐकलं. मला हे कधीच सांगितलं नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणते, तू कधी विचारलंस?"

टेबलावर ती अकरावी चिठ्ठी वेगळी ठेवली होती. सरांनी ती वाचली: इथे श्वास घ्यायचा नाही. मग माझ्याकडे पाहत आईला सांगितलं असावं की जागा हरवली आहे. मी मान खाली घातली.

आई हसली. आणि मग काही न सांगता गायला लागली.

गाणं म्हणावं की बोलणं, मला कळेना. आवाज खालून, पोटातून येत होता, त्या पातळ आवाजाच्या बाईचा वाटतच नव्हता. मध्येच थरथरायचा, मध्येच कोणीतरी दटावल्यासारखा चढायचा. सर धडपडत पानं शोधू लागले. सापडलं तेव्हा त्यांनी बोट ओळीवर ठेवलं आणि तिच्याबरोबर खाली नेऊ लागले. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून मी फक्त ऐकत होतो, आणि ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दर दोन-तीन ओळींनी ती श्वास घ्यायची, फोनमध्ये तो बारीक फुंकरीसारखा ऐकू यायचा. मी चिठ्ठी हातात घेऊन सरांच्या शेजारी उभा राहिलो आणि प्रत्येक श्वासाला बोटाने टेबलावर टिचकी मारू लागलो. सरांनी पेन्सिल उचलली आणि माझ्या टिचकीसरशी त्या पानाच्या झेरॉक्सवर खुणा करायला सुरुवात केली.

टिचकी, टिचकी, टिचकी. पान उलटलं. टिचकी.

आणि मग टिचकीची वेळ आली आणि श्वास आला नाही. आवाज पुढे चालत राहिला, बारीक होत, ताणला जात. दुसरी जागा गेली, तिथेही नाही. सरांचं बोट ओळीच्या तळाशी गेलं, पुढच्या ओळीच्या माथ्यावर आलं. मला स्वतःलाच गुदमरायला झालं. मी श्वास रोखून धरला होता हे मला कळलंच नव्हतं. तिसऱ्या जागेवर एक शब्द तुटका, कोरडा पडला आणि फोनमधून मोठा श्वास आला. त्यामागे खोकला, आणि खोकल्यामागे हसू.

सरांनी पेन्सिलने कंस केला. तिथे काय आहे ते मी विचारलं. नाटकातली बाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते, ते म्हणाले, आणि मागे वळून पाहायचं नाही असं ठरवते. टीपकाराने त्या जागेवर काहीच लिहिलेलं नव्हतं. वर कोरा कागद होता.

"आईला विचारा, असं गायला त्यांना कोणी शिकवलं?"

सरांनी विचारलं. "म्हणते, कोणी नाही. माझी आई तिथे तांदूळ धुवायचा हात थांबवायची. म्हणून मीही श्वास थांबवायची."

पुस्तक पुन्हा शिवायचं होतं. चिठ्ठ्यांचं काय करायचं यावर सर आणि त्यांची बहीण यांच्यात मतभेद झाला. बहिणीला त्या वेगळ्या पाकिटात, काचेखाली हव्या होत्या. सरांचाही कल तसाच होता. शेवटी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्या हरवलेल्या नव्हत्या. ठेवलेल्या होत्या. जिथे होत्या तिथे ठेवा." मग वाद संपला.

मुहर्रकच्या जुन्या बाजारात बायकांच्या काळ्या अबायाला लावायचे दोरे विकणारा एक म्हातारा आहे. मी त्याच्याकडे गेलो आणि पुस्तकाचा जुना दोरा दाखवला. त्याने तो बोटांत चुरगाळून पाहिला, "हरीर," म्हणाला, म्हणजे रेशीम, आणि "असं मफी," म्हणजे नाही, "पण हे घे," म्हणून त्याच्या जवळचा निळा रेशमी दोरा काढून दिला. कशासाठी हवा विचारलं. मी म्हटलं, एका जुन्या पुस्तकासाठी. त्यानंतर त्याने दोरा आणखी एकदा ताणून पाहिला आणि दुसरं रीळ काढून दिलं, आधीच्यापेक्षा घट्ट पिळाचं.

शिवणार कोण, हा प्रश्न नव्हता. माझी बायको लग्नाआधी अमरावतीला शिवणाचे वर्ग घ्यायची. सर आमच्या जिदहफ्सच्या घरी आले, पुस्तक मधे ठेवून जमिनीवर बसले. मी रजिस्टर उघडून एकेका चिठ्ठीची जागा वाचायचो, सर ती पानाच्या पोटात सरकवायचे. अकरावीच्या रकान्यातलं प्रश्नचिन्ह मी खोडलं आणि पान, बाजू, अंतर लिहिलं. बदल कोणी केला याच्या पुढे काय लिहावं ते क्षणभर सुचेना. मग लिहिलं, 'आई, ओसाका, फोनवरून.'

बायकोने जुनी भोकं मोजली, चार. तीच भोकं वापरायची, नवं एकही पाडायचं नाही असं सरांनी सांगितलं. तिने दोन पुस्तकांची शाबूत शिवण उलटसुलट करून पाहिली, दोरा कुठून सुरू होतो आणि गाठ कुठे लपते ते शोधलं. सर फोनवर चित्रं दाखवायला गेले तर म्हणाली, "राहू द्या सर, समजलं मले." हे ती मराठीतच म्हणाली आणि सरांनी फोन खिशात ठेवला. आमची मुलगी दारातून पाहत होती. "मम्मा, दॅट्स सो कूल," ती म्हणाली, आणि आईने शिवताना मान न उचलता सांगितलं, "कूल असेल तर बस इथं आणि बघ." ती बसली. शिवण पूर्ण व्हायला तासभर लागला. सरांनी पुस्तक घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि बायकोला इतकं वाकून अभिवादन केलं की ती गोंधळून उभीच राहिली.

चार महिन्यांनी सरांचं कंत्राट संपलं. जाताना पुस्तकं त्यांनी सामानात टाकली नाहीत, खांद्यावरच्या पिशवीत घेतली. ऑफिसमधून मी त्यांचं विमान गेलेलं पाहिलं असेल, पण कोणतं ते सांगता येणार नाही, दिवसभर जातच असतात.

आठवड्याने त्यांचा मेल आला. आईने तिन्ही पुस्तकं मांडीवर घेतली. दिसत नाही, म्हणून बोटांनी पाहिली. तिसऱ्या पुस्तकाच्या शिवणीवरून तिने दोनदा बोट फिरवलं आणि विचारलं, हे कोणी शिवलं? सरांनी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "माझ्या आईच्या शिवणीपेक्षा घट्ट आहे."

मी मेल बायकोला वाचून दाखवला. ती पोळ्या लाटत होती.

"घट्ट म्हणजे चांगलं का वाईट?" तिने विचारलं. "विचारा बरं त्यांना."

मी विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आईला तुमचा प्रश्न सांगितला, तिला तो फार आवडला, अजून हसते आहे.

"बस, एवढंच?" बायको म्हणाली, आणि त्या संध्याकाळी मला पुन्हा मेल लिहायला बसवलं.